1572 ला फुटलेल्या ताऱ्याचा प्रकाश 2008 मध्ये तपासला म्हणतात, हे कसं शक्य आहे? तो तर कधीच येऊन गेला ना?

थाप नाही ओ, खरंच तपासलाय. तुम्ही फक्त सरळ आपल्याकडं आलेला प्रकाश धरायलात, तिथं घोळ होतोय. तारा फुटला की उजेड चारी दिशांना जातो. त्यातला सरळ आलेला 1572 च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा या तारकासमूहात दिसला, डेन्मार्कच्या टायको ब्राही या खगोलशास्त्रज्ञानं नोंदी करून ठेवल्या (आपल्या पैठणला तेव्हा एकनाथ महाराज हयात होते), आणि 1574 पर्यंत तो दिसेनासा झाला. पण जो भलतीकडं गेला त्यातला थोडा लांबच्या धुळीच्या ढगांवर आपटून इकडं वळला आणि वाट लांबली म्हणून 436 वर्षं उशिरा पोचला. अंबाजोगाईकडं डोंगराजवळ सुतळी बॉम्ब लावला की एक आवाज लगेच येतो आणि एक मागून, तसंच. याला लाइट एको म्हणतात. आणि हो, 436 हा नुसता जादाचा उशीर, मूळ प्रवास हजारो वर्षांचाय.

शोधायचं कसं तर आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही महिन्यांच्या गॅपनं फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकातून दुसरा वजा करायचा, तारे कटून जातात, सरकलेला अंधुक डाग तेवढा उरतो, तो ज्या बाजूनं सरकत आला तिकडं मागं गेलं की स्फोटाची जागा. अशाच एका डागाचा स्पेक्ट्रम (म्हणजे प्रकाश रंगांत फोडून काढलेला पट्टा, त्यावरनं कुठली मूलद्रव्यं आहेत ते कळतं) 2008 ला हवाईतल्या 8.2 मीटरच्या सुबारू टेलिस्कोपनं घेतला. टायकोकडं तर साधी दुर्बीणही नव्हती! त्या स्पेक्ट्रममध्ये हायड्रोजन नाही, सिलिकॉन आहे, म्हणजे टाइप वन-ए प्रकारचा, श्वेत बटू ताऱ्याचा (इंधन संपून उरलेल्या छोट्या, घट्ट ताऱ्याचा) स्फोट.

मला विचाराल तर याच्यापेक्षा भारी कॅसिओपिया ए, म्हणजे अशाच दुसऱ्या एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. तोही शर्मिष्ठेतच, उजेड साधारण 1680 च्या सुमारास पोचला असणार पण तेव्हा कुणी बघितल्याची पक्की नोंदच नाही. याचे एको वेगवेगळ्या दिशांच्या ढगांवरून येतात, म्हणजे प्रत्येक ढगावर स्फोटाची वेगळी बाजू पडलेली, आपण पृथ्वीवरून न हलता त्या सगळ्या बाजू तपासायलोत! 2011 ला तीन एको ताडून बघितले तर एका बाजूचा माल सेकंदाला सुमारे 4000 किलोमीटर जास्त वेगानं सुटलेला निघाला, स्फोट चारी बाजूंनी सारखा नव्हताच.

तुम्ही लातूरकडं असाल तर नोव्हेंबरात रात्री आठ-नऊला उत्तरेकडं बघा, इंग्रजी एमसारखी शर्मिष्ठा सहज सापडते. एको मात्र घरच्या टेलिस्कोपमधून दिसत नाहीत, लई अंधुक असतात, त्याच्यापायी पैसे घालू नका.