टीम गेली, नाव राहिलं: आइस हॉकीतला घोळ

प्रश्न: २०२५ ला ॲबट्सफर्ड कनक्सनी एएचएलचा कॅल्डर कप जिंकला. एका ठिकाणी वाचलं की ही टीम २०२१ ची, दुसरीकडे वाचलं की तिचा इतिहास थेट १९३० च्या दशकापर्यंत जातो. मध्ये ती युटिका कॉमेट्स होती म्हणे, मग युटिका कॉमेट्स आजही कशी खेळतेय? डोकं गरगरलंय, जरा सोडवून सांगा.

उत्तर: दोन्ही बरोबर आहे, म्हणूनच तर गरगरतंय. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सगळ्यात वरची लीग, आणि एएचएल म्हणजे तिच्या खालची पायरी, इथली प्रत्येक टीम वरच्या एका क्लबसाठी पोरं तयार करते. आता अशा टीमचे दोन भाग असतात. एक म्हणजे फ्रँचायझी, म्हणजे लीगमध्ये खेळायचा हक्क, तो कागद ज्याच्या नावावर तो मालक. आणि दुसरा भाग म्हणजे नाव, जर्सी, रिंक म्हणजे बर्फाचं मैदान आणि तिकीट काढून येणारं पब्लिक. मालक लीगची परवानगी घेऊन पहिला भाग उचलून नेतो, दुसरा बऱ्याचदा गावातच राहतो.

तुमच्या ॲबट्सफर्डचा कागद १९३५ साली क्यूबेकहून मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला आला, टीमचं नाव स्प्रिंगफील्ड इंडियन्स. १९३९ ला ती विकत घेतली एडी शोअरने, एनएचएलमधल्या बॉस्टन ब्रुइन्सचा जबरदस्त डिफेन्समन पण मालक म्हणून एक नंबरचा कंजूष आणि तितकाच हेकट. ज्या खेळाडूंना मॅचमध्ये घ्यायचं नाही त्यांना तो रिंकवर कामाला लावायचा, बल्ब बदला, झाडू मारा, पॉपकॉर्न विका. त्यांना तो ब्लॅक एसेस म्हणायचा आणि एनएचएलमध्ये प्लेऑफच्या वेळी जादा म्हणून ठेवलेल्या खेळाडूंना आजही हेच म्हणतात. महायुद्धात रिंक लष्कराने घेतलं म्हणून १९४२ पासून टीम बंद, १९४६ ला परत सुरू, मग १९५१ ते ५४ सिरॅक्यूजला जाऊन परत आली. आणि एवढं सगळं करून १९६०, ६१, ६२ असे सलग तीन कॅल्डर कप! १९६६ च्या डिसेंबरमध्ये मात्र शोअरने तीन जणांना सस्पेंड केलं आणि बाकीच्यांनी खेळायलाच नकार दिला. त्यांच्या बाजूने वकील ॲलन ईगलसन उभा राहिला आणि त्याच दमावर पुढच्या वर्षी एनएचएल खेळाडूंची युनियन उभी राहिली. माझ्या मते या टीमच्या सगळ्या कपांपेक्षा हे भांडण मोठं.

त्यानंतर शोअरने टीम एनएचएलमधल्या लॉस एंजेलिस किंग्जच्या ताब्यात दिली, नाव झालं स्प्रिंगफील्ड किंग्ज. १९७४-७५ ला परत हातात घेतली, सीझन चालू असतानाच जुनं नाव लावलं आणि त्याच वर्षी कप जिंकला. १९९० आणि ९१ ला अजून दोन. तरी १९९४ ला टीम विकली गेली आणि वूस्टरला जाऊन आइसकॅट्स झाली. स्प्रिंगफील्डला त्याच वर्षी फाल्कन्स नावाची नवी टीम मिळाली, तीही २०१६ ला ॲरिझोनात टूसॉनला गेली आणि तिच्या जागी पोर्टलंडची टीम उचलून आणली, थंडरबर्ड्स म्हणून. म्हणजे गाव एकच, कागद तीन.

आपला कागद पुढे २००५ ला इलिनॉयमधल्या पिओरियाला गेला, एनएचएलमधल्या सेंट लुइस ब्लूजच्या मालकीत, तिथे नाव रिव्हरमेन. हे नाव पिओरियात आधीपासूनच होतं, आणि २०१३ ला एनएचएलमधल्या व्हँकूव्हर कनक्सनी ती फ्रँचायझी विकत घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला नेली तरी पिओरियात रिव्हरमेन राहिलेच, फक्त खालच्या लीगमध्ये. युटिकात नाव कॉमेट्स, तेही जुनंच, बाजूच्या क्लिंटन गावात पूर्वी क्लिंटन कॉमेट्स होते. २०१५ ला कॉमेट्स फायनलला गेले, अमेरिकेतल्याच मँचेस्टरच्या मोनार्क्सकडून हरले. गंमत बघा, जिंकलेल्या मँचेस्टरची टीमसुद्धा लगेच कॅलिफोर्नियाला गेली, त्या वर्षी पाच एएचएल टीम तिकडे हलल्या कारण पश्चिमेकडच्या क्लबांना आपली पोरं जवळ हवी होती.

व्हँकूव्हरचंही दुखणं तेच. गोलकीपर जखमी झाला की बदली माणूस खंडाच्या दुसऱ्या टोकाहून विमानाने आणा, त्यापेक्षा तासाभराच्या ड्राइव्हवरचं ॲबट्सफर्ड बरं. म्हणून २०२१ ला कागद तिकडे. युटिकात टीम चालवणारा रॉबर्ट एश, स्वतः माजी एनएचएल गोलकीपर, त्याने लगेच एनएचएलमधल्या न्यू जर्सी डेव्हिल्सशी जमवलं, त्यांची बिंगहॅमटनची टीम युटिकात आली आणि नाव कॉमेट्सच ठेवलं, रंग फक्त निळा-हिरवा जाऊन लाल-काळा झाला. आजची कॉमेट्स ती हीच.

आणि २०२५ ला ॲबट्सफर्डने शार्लट चेकर्सना सहा मॅचमध्ये हरवलं तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून आर्तुर्स शिलोव्हसला जी ट्रॉफी मिळाली ती जॅक बटरफील्डच्या नावाची आहे. हा बटरफील्ड शोअरचा भाचा, स्प्रिंगफील्डला मामाची टीम सांभाळायचा, मग १९६६ ते १९९४ लीगचा प्रेसिडेंट. बहुतेक फॅन्सना हे माहीतच नसेल.

प्रश्न: ॲबट्सफर्डला आधीही एएचएल टीम होती ना? ती का गेली?

उत्तर: होती, ॲबट्सफर्ड हीट, २००९ ते २०१४. पण ती होती एनएचएलमधल्या कॅलगरी फ्लेम्सची, आणि गाव पडलं व्हँकूव्हरच्या हद्दीतलं! तेव्हाची कनक्सची टीम मॅनिटोबा मूस खेळायला आली की पब्लिक पाहुण्यांसाठीच ओरडायचं. वर शहराने करार असा केलेला की तोटा झाला तर आम्ही भरू, असला करार कोण करतं देव जाणे. शेवटी १० वर्षांचा करार मधेच मोडायला शहराने ५५ लाख कॅनेडियन डॉलर मोजले. तो कागदही कमी फिरलेला नाही, आधी सेंट जॉन, ओमाहा, क्वाड सिटी आणि इथून ग्लेन्स फॉल्स, मग २०१५ ला स्टॉक्टन, २०२२ पासून कॅलगरी रँगलर्स. आता ते मेन टीमच्याच रिंकमध्ये, सॅडलडोममध्ये खेळतात, त्यामुळे वर बोलावलं तर विमान-बिमान काही नाही, ड्रेसिंग रूम बदलली की झालं.