निन्जा गायडन २ घ्यावा का? घ्या, पण बॉसफाइटसाठी नको

थोडक्यात प्रश्न असा आहे: 'डेव्हिल मे क्राय ५' हा अ‍ॅक्शन गेम खेळून झालाय, आता त्याच प्रकारातला निन्जा गायडन २ घ्यायचा का, घेतला तर कोणती आवृत्ती, आणि याच गेमला काही जण या प्रकारातला बाप तर काही जण अर्धवट शिजलेला गेम का म्हणतात?

घ्या. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा गेम साध्या, बिननावाच्या शत्रूंशी लढण्याचा आहे. बॉस, म्हणजे मध्येमध्ये येणारे नावाजलेले मोठे शत्रू, त्यात आहेत, भरपूर आहेत, आणि जवळपास सगळे सुमार आहेत. बॉसवरून गेम जोखणारे वैतागतात, बाकीचे पुन्हा पुन्हा खेळतात.

डेव्हिल मे क्रायमधून येताय म्हणून आधी हे सांगतो. तिथे शत्रू बऱ्यापैकी तुमच्या कॉम्बोची वाट बघत उभे असतात. स्टाइल दाखवायची, ग्रेड वाढवायची. इथे कुणाला तुमच्या स्टाइलचं कौतुक नाही. पहिल्या चॅप्टरपासून ब्लॅक स्पायडर टोळीचे निन्जा चारी बाजूंनी येतात, तुम्ही ब्लॉक धरून बसलात की पकडतात, लांब पळालात की फुटणाऱ्या शुरिकेन फेकतात. एका जागी उभं राहिलात की संपलात.

त्यात खरी गंमत हातपाय तोडण्याची आहे, आणि ती नुसती रक्ताची हौस नाही. पाय तुटलेला निन्जा मरत नाही. तो सरपटत येतो, तुम्हाला मिठी मारतो आणि स्वतःसकट उडवतो. म्हणजे अर्धमेला शत्रू धडधाकट शत्रूपेक्षा जास्त धोक्याचा. पण त्याच्याजवळ जाऊन हेवी अटॅकचं (जोरदार फटक्याचं) बटण दाबलं तर आपला नायक रियू एका झटक्यात त्याचा निकाल लावतो, आणि तो फटका चालू असताना बाकीच्यांचे वार सहसा लागत नाहीत. त्यामुळे दर सेकंदाला हिशोब चालू: समोरच्या धडधाकट दोघांना मारू, की मागे सरपटणाऱ्याला आधी संपवू?

त्याच्या वर अल्टिमेट टेक्निक, म्हणजे चार्ज करून मारायचा सर्वात मोठा हल्ला. मेलेल्या शत्रूतून एसेन्सचे गोळे बाहेर पडतात. हेवीचं बटण दाबून धरलं की ते गोळे आत ओढले जातात आणि चार्ज चटकन पूर्ण होतो. उडी मारून जमिनीला पाय टेकतानाच बटण धरलं तर आणखी पटकन. म्हणून जाणकार खेळाडू गोळे लगेच उचलत नाहीत, पुढच्या हल्ल्यासाठी तसेच ठेवतात. मोठ्या गर्दीत एक अल्टिमेट, त्यातून पडलेल्या एसेन्सवर दुसरा, मग तिसरा, अशी साखळी लागली की या गेमचं नाव का निघतं ते कळतं. शस्त्रंही एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं अशी: ल्युनर स्टाफ, जोडतलवारी, फाल्कन्स टॅलन्स. एक्लिप्स साइद हे अजस्र कोयत्यासारखं हत्यार हाती आलं की लांडग्यासारख्या राक्षसांची धास्ती निम्म्यावर येते.

आणखी एक चांगला बदल म्हणजे हेल्थ. चकमक संपली की बरीचशी आपोआप भरते, पण लाल झालेला भाग तसाच राहतो. तो सेव्हच्या पुतळ्यापाशी किंवा औषध घेतल्यावरच भरतो. त्यामुळे प्रत्येक चकमक जीव खाऊन डिझाइन करता आली आहे.

आता कुरकुर. कॅमेरा. भांडण रंगात आलं की तो भिंतीत तोंड खुपसतो. तो पाठीमागे आणायचं बटण अंगठ्याइतकंच सवयीचं करून घ्या, दुसरा इलाज नाही. स्क्रीनबाहेरून येणारे रॉकेट मात्र कुठल्याही कौशल्याने समर्थनीय ठरत नाहीत. दिसलंच नाही ते चुकवायचं कसं? आणि तो आर्माडिलो बॉस! मूळ आवृत्तीत तो मेल्यावर फुटतो, तेव्हा ब्लॉक धरला नाही तर जिंकलेली लढाई परत. शेवटच्या चॅप्टरांत आधी मारलेले मोठे बॉस पुन्हा समोर आणलेत, तेही कंटाळवाणं. ज्यांनी नव्या मालिकेतला २००४ चा पहिला गेम खेळलाय त्यांना त्यातल्या टायरॉन शहरातली गुंतागुंतीची वाटशोध इथे सापडणार नाही. टोकियो, व्हेनिससारखं शहर, मॉस्को, सगळं सरळ रेषेत. कथेबद्दल न बोललेलं बरं.

आवृत्त्यांचं राजकारण. मूळ गेम जून २००८ मध्ये फक्त एक्सबॉक्स ३६० वर आला. अमेरिकेत तो आला त्याच दिवशी दिग्दर्शक तोमोनोबु इतागाकी यांनी गेम बनवणारी कंपनी टेक्मो सोडत असल्याचं जाहीर केलं. याच गेमची २००९ ची पीएसथ्रीवरची सुधारित आवृत्ती, सिग्मा २, त्यांच्याशिवाय बनली. दिसायला देखणा, पण शत्रू कमी केले, उरलेल्यांची हेल्थ वाढवली, रक्ताच्या जागी जांभळा धूर. आयाने, मोमिजी, रेचेल या नायिकांचे चॅप्टर मिळाले, पण गर्दी गेली. या गेममधून गर्दी काढल्यावर उरतं काय? कॅमेरा आणि बॉस. दहाव्या चॅप्टरमधली मंदिराच्या पायऱ्यांवरची लढाई आठवा: ३६० वर निन्जांच्या झुंडीमुळे गेम अक्षरशः स्लो मोशनमध्ये जायचा. तांत्रिकदृष्ट्या ती चूकच, पण तसा प्रसंग सिग्मामध्ये उरला नाही. २०२१ च्या मास्टर कलेक्शन या एकत्र संचामध्येही सिग्मा २ च आहे, घेताना फसू नका.

जानेवारी २०२५ ची नवी आवृत्ती, निन्जा गायडन २ ब्लॅक, अनरिअल इंजिन ५ वर आहे. रक्त आणि तुटलेले हातपाय परत आले, शत्रूही सिग्मापेक्षा जास्त आहेत, मूळ गेमपेक्षा मात्र कमी. तुमच्याकडे पीएसफाइव्ह किंवा पीसी असेल तर डोळे झाकून हाच घ्या. पीसीवर शत्रूंची संख्या वाढवणारे चाहत्यांनी बनवलेले मॉडही (गेममधले बदल) आहेत. एक्सबॉक्स सिरीज असेल तर मूळ ३६० चा गेम त्यावर चालतो, आणि त्या पायऱ्या सिरीज एक्सवर न अडखळता चढता येतात. माझं मत विचाराल तर तोच.

काठिण्याच्या पातळ्यांत सुरुवात वॉरियरवर करा. त्याखालच्या अकोलाइटवर शत्रू इतके मवाळ असतात की तोडलेल्या पायाची भीतीच वाटत नाही. औषधं बॉससाठी राखा आणि बॉसवर टाकून मोकळे व्हा, तिथे हुशारी दाखवण्यात अर्थ नाही. तिथून वर मेंटॉरला जा. सगळ्यात कठीण मास्टर निन्जा मात्र रॉकेटवाल्यांना शिव्या घालण्याची ताकद शिल्लक असेल तरच.