विमान बनवायला इतका उशीर काहून लागतो?

प्रश्न: भाऊ, नमस्कार. पोरगा बारावीला आहे, एरोस्पेसचं वेड लागलंय त्याला, अभ्यास सोडून दिवसभर विमानंच पाहत बसतो. तोच सांगत होता की बोइंगचं 777एक्स 2013 मधे जाहीर झालं, 2020 ला मिळणार होतं अन आता म्हणे 2027. मी म्हटलं अरे हे तर आपल्या गल्लीतल्या सिमेंट रोडसारखं झालं, खोदून ठेवला अन ठेकेदार गायब! गंमत सोडा, पण एवढे इंजिनियर, एवढे कॉम्प्युटर, एवढा पैसा, तरी तारीख काहून चुकते?
(एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: भाऊ, इथं ठेकेदार गायब नसतो. सगळे हजर असतात, रात्रंदिवस राबतात, अन तरी काम अडतं, खरा वैताग तर तोच आहे.

777एक्सकडे येतोच, पण आधी बोइंगच्याच 787 ड्रीमलायनरचं ऐका. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, म्हणून 8 जुलै 2007 म्हणजे 7/8/07. विमानाचं नावच 787, मग ठरलं की याच दिवशी ते जगाला दाखवायचं. दाखवलं. अमेरिकेत एव्हरेटला बोइंगचा कारखाना आहे, त्याचं दार उघडलं, चकाचक रंगवलेलं विमान, टाळ्याच टाळ्या. आत मात्र बराचसा पोकळ सांगाडा, सिस्टिम बसायच्याच होत्या. विमानाचे भाग जोडायला जे खास फास्टनर लागतात त्यांचा बाजारात तुटवडा होता, म्हणून तात्पुरते लावून जोडाजोड केलेली. कार्यक्रम संपल्यावर ते तात्पुरते शोधून शोधून काढा, खरे बसवा, काढताना भोकाला धक्का लागला तर ते दुरुस्त करा. म्हणजे एकच काम दोनदा, अन दुसऱ्यांदा जास्त किचकट!

पण फास्टनर हे निमित्त झालं. खरी गडबड काम वाटून देण्यात होती. पंख जपानमधून, मधल्या बॉडीचे भाग इटलीतून, नाकाकडचा भाग अमेरिकेतल्याच कॅन्ससमधून, मागचा साऊथ कॅरोलिनातून, अन ते वाहून आणायला जुनी जंबो 747 विमानं पोट फुगवून तयार केलेली. प्लॅन असा होता की प्रत्येक कंपनीने आपला तुकडा आतल्या वायर-पाइपासकट पूर्ण करून पाठवायचा अन एव्हरेटमधे नुसतं जोडायचं. प्रत्यक्षात तुकडे अर्धवट येऊ लागले, वायरिंग बाकी, कागदपत्रं बाकी. आपल्या शॉपमधे, आपल्या जिगवर (म्हणजे भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यावर), आपल्या माणसांनी जे काम पटकन झालं असतं तेच दुसऱ्याच्या कारखान्यात, अर्ध्या जोडलेल्या बॉडीत वाकून बसून करायचं म्हटलं की वेळ कितीतरी पट लागतो. याला ते लोक ट्रॅव्हल्ड वर्क म्हणतात, म्हणजे मागच्या स्टेशनचं राहिलेलं काम पुढं ढकलणं. प्रत्येक उशिरामागं मला हेच दिसतं, कोणीतरी तारीख पाळली असं कागदावर दाखवायला अर्धवट माल पुढं सरकवतो.

त्यात 2008 मधे कामगारांचा जवळजवळ दोन महिन्यांचा संप. मग जून 2009, पहिलं उड्डाण अगदी तोंडावर, अन टेस्टमधे कळलं की पंख जिथं बॉडीला मिळतो ती जागा आणखी मजबूत करावी लागणार. पुन्हा थांबा. शेवटी 15 डिसेंबर 2009 ला विमान उडालं, अन मे 2008 ला मिळणार होतं ते पहिलं विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरलाइनला सप्टेंबर 2011 मधे मिळालं.

एअरबसवाल्यांनीही काही दिवे लावले नाहीत. त्यांच्या ए380 या दुमजली विमानात पाचशे किलोमीटरच्या वर वायर. जर्मनीतली हॅम्बुर्गची टीम डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनवर, फ्रान्समधली तुलूजची नव्यावर. तुलूजला जोडणी सुरू झाली तर वायरचे जुडगे कनेक्टरपर्यंत पोहोचेचनात! वायर वळणावरून जाताना किती लांबी खाते याचा हिशोब बरोबर बसलाच नव्हता. आता दोन सेंटिमीटर कमी पडली म्हणून वायर ओढून लांब करता येत नाही राजेहो, आख्खा जुडगा नवीन बनवावा लागतो, अन असे शेकडो. जवळपास दोन वर्षं गेली, सिंगापूर एअरलाइन्सला पहिलं विमान ऑक्टोबर 2007 मधे मिळालं.

आता तुमच्या पोराचं 777एक्स. आधी इंजिनातल्या एका भागाच्या टिकाऊपणाचा प्रश्न निघाला, त्यामुळे पहिलं उड्डाण जानेवारी 2020 वर गेलं. त्याआधी सप्टेंबर 2019 मधे ताकदीच्या टेस्टमधे बॉडी फाटली. नियम असा आहे की विमानाला आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो त्याच्या दीडपट झेलून दाखवायचा, अन हे त्या दीडपटीच्या 99 टक्क्यांवर फाटलं. कोणी म्हणेल एका टक्क्याने काय होते, पण तपास तर करावाच लागतो न. 2024 मधे इंजिनाचा जोर विमानापर्यंत पोहोचवणाऱ्या जोडणीत तडे सापडले, तेव्हा टेस्ट विमानंच उभी करून ठेवली. अन या सगळ्यावर 737 मॅक्सची सावली, 2018 अन 2019 चे दोन अपघात, 346 जीव गेले. त्यानंतर विमानांना मंजुरी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफएए पहिल्यासारखी कंपनीच्या शब्दावर पटकन सही करत नाही, जास्त बारकाईने तपासते. हा उशीर मला तरी चालतो.

ज्याचा राग येतो तो सेल्सवाल्यांचा. ऑर्डर घेताना एअरलाइनला गोड वाटेल ती तारीख द्यायची अन मग इंजिनियरच्या मानेवर बसायचं. बरं, विमानाच्या किमतीतला मोठा हिस्सा डिलिव्हरीच्या वेळीच मिळतो, त्यामुळे उशीर झाला की कंपनीचाच गळा आवळतो, तरी सवय जात नाही!

प्रश्न: ड्रीमलायनरचे पार्ट आपल्या नागपूरच्या मिहानमधे बनतात असं ऐकलं, खरं आहे का? मग तो उशीर आपल्यामुळे तर नाही न झाला?
(एक वाचक, वर्धा रोड)

उत्तर: खरं आहे. मिहानमधे टाटांच्या कारखान्यात 787 चे कार्बन कॉम्पोझिटचे फ्लोअर बीम बनले, म्हणजे तुमच्या सीटखालची फरशी ज्यावर टेकते ते आडवे बीम. उशिराचं पाप आपल्या माथी नका घेऊ, तो घोळ तिकडच्या जोडणीचा. एअर इंडियालाही पहिलं ड्रीमलायनर 2012 च्या सप्टेंबरात मिळालं. त्याच मोठ्या ऑर्डरच्या निमित्ताने बोइंगने मिहानमधे मेंटेनन्सचे हँगर बांधून दिले, ते वेगळं.

प्रश्न: आपला देश मंगळावर यान पाठवते, मग स्वतःचं प्रवासी विमान काहून नाही?
(एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर: प्रयत्न झाला न बाई. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेचं सारस, 14 सीटचं, 2004 मधे पहिल्यांदा उडालं. 6 मार्च 2009 ला टेस्टमधे त्याचं दुसरं विमान पडलं, हवाई दलाचे तिघं गेले, अन प्रोजेक्ट कित्येक वर्षं थंडावला. सुधारलेलं सारस पुन्हा उडालं ते थेट जानेवारी 2018 मधे. पुढचं 19 सीटचं करायचं चाललंय. यान एकदा नीट गेलं की झालं. प्रवासी विमानाला रोज, वीस-पंचवीस वर्षं, उन्हापावसात जावं लागतं, अन ते जाईल हे आधी कागदावर अन टेस्टमधे सिद्ध करून दाखवावं लागतं. जपानच्या मित्सुबिशीने छोटं जेट बनवून 2015 ला उडवलंसुद्धा, पण सर्टिफिकेटसाठी वायरिंगसकट डिझाइन बदलत बदलत शेवटी 2023 मधे प्रोजेक्टच बंद केला. तुला या लाइनमधे जायचं असेल तर डिझाइनच्या सोबत टेस्टिंग अन सर्टिफिकेशनही शिक, माणसं तिथंच कमी पडतात.