एका दिवसात फ्लॉरेन्स कसं दाखवायचं?

वाचक विचारतात

प्रश्न : आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३२ मुलामुलींना इटलीला नेते आहे. फ्लॉरेन्सला एकच दिवस मिळतो आणि एजंटाच्या यादीत ११ ठिकाणं आहेत. काय ठेवू, काय गाळू?
– एक प्राध्यापिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आठ गाळा. उफिझी तर आधी गाळा. ते चित्रांचं संग्रहालय आहे, त्यात अर्धा दिवस जातो आणि सोमवारी ते बंदच असतं. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या एकाच वास्तुकाराच्या तीन वास्तू ठेवा : अनाथालय, कॅथीड्रलचा घुमट आणि सान लोरेन्झो चर्च. तिन्ही एकमेकींपासून दहा मिनिटांच्या पायी अंतरावर आहेत.

सकाळी आठला सान्तिस्सिमा अनुन्झियाता चौकात पोहोचा. तिथे १४१९ साली सुरू झालेलं बेवारस बाळांचं अनाथालय आहे. त्याच्या दर्शनी नऊ कमानींच्या ओसरीला तिकीट लागत नाही. मुलांच्या हाती टेप द्या. खांबाची उंची, दोन खांबांतलं अंतर आणि ओसरीची खोली ही तिन्ही मापं जवळपास सारखी, म्हणजे सुमारे ५.८ मीटर भरायला हवीत. फ्लॉरेन्सचा त्या काळचा हात, ‘ब्राच्चो’, साधारण ५८ सेंटिमीटरचा होता. असे दहा हात धरून एकेक खण घनाकार बांधलेला आहे. मुलं हमखास दोन खांबांमधली मोकळी जागा मोजतात आणि माप कमी आलं म्हणून गोंधळतात. टेप एका खांबाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत धरायची.

मग सेर्वी रस्त्याने सरळ कॅथीड्रलकडे चाला. समोर घुमट मोठा होत जातो. घुमटावर जायच्या तिकिटावर वेळ छापलेली असते आणि एवढ्या मोठ्या गटाला आयत्या वेळी एकत्र जागा मिळत नाही, तेव्हा आरक्षण नागपुरातूनच करून ठेवा. साडेदहाची वेळ सोयीची. रविवार मात्र टाळा, सकाळी प्रार्थना असते. मोठ्या बॅगा वर नेता येत नाहीत. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, हे मुलग्यांनाही बजावा. अर्ध्या चड्डीवाले दारातच अडतात.

४६३ पायऱ्या वरच्या देखाव्यासाठी चढू नका. घुमट दुहेरी आहे आणि वाट आतल्या व बाहेरच्या कवचाच्या मधून जाते, चढायचं ते यासाठी. घुमटाचं काम १४२० ते १४३६ या काळात झालं, आणि तेही खालून लाकडी साचा न उभारता. सुमारे ४५ मीटर रुंदीच्या पोकळीला पुरेल एवढं लाकूड आणायचं कुठून? भिंती आत कलू लागल्या की ओल्या चुन्यावरची वीट घसरणार. म्हणून आडव्या विटांच्या रांगेत थोड्या थोड्या अंतरावर एकेक वीट उभी लावली. उभ्या विटांनी आडव्यांना चुना धरेपर्यंत पकडून ठेवलं. माशाच्या काट्यासारखी दिसणारी ही वीण वाटेत उघडी दिसते. दुसरा पेच घुमटाच्या अष्टकोनी आकाराचा. गोल कडं पुरं झालं की स्वतःला धरून ठेवतं, अष्टकोनी कडं तसं धरत नाही. पण आतलं कवच सुमारे दोन मीटर जाड आहे आणि त्या जाडीत एक अखंड वर्तुळ बसतं. हे वर्तुळ वहीत काढायला लावा, मग गोष्ट डोक्यात शिरते. घुमटाला मोठ्या चार भेगा आहेत आणि त्यांच्यावर उपकरणांनी लक्ष ठेवलं जातं. त्याही दाखवा.

निघण्याआधी एक सकाळ दीक्षाभूमीवर घालवा. पोकळ स्तूपात उभं राहून, न मोजता, प्रत्येकाने छेद, म्हणजे वास्तू मधोमध उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढावा. ती वही तिथल्या घुमटाशी ताडून पाहायला फ्लॉरेन्सला न्यावी.

एक चूक बहुतेक गट करतात. कॅथीड्रलच्या रंगीत संगमरवरी दर्शनी भागासमोर उभं राहून मध्ययुगावर व्याख्यान देतात. तो दर्शनी भाग १८८७ साली पुरा झाला! त्याच्या समोरच्या बाप्तिस्मागृहाची सोनेरी दारंही प्रतिकृती आहेत. मूळ दारं कॅथीड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहेत.

दुपारी सान लोरेन्झो. बाहेरून ओबडधोबड दगड, कारण दर्शनी भाग कधी झालाच नाही. आत पांढऱ्या गिलाव्यावर करड्या दगडाच्या रेषा, जणू नकाशाच भिंतीवर उतरवलेला. इथे एक तास नुसतं बसून रेखाटन करू द्या.

प्रश्न : मुलाला दमा आहे. घुमट चढू द्यावा का?
– एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : नको. लिफ्ट नाही, वाट अरुंद आणि कोंदट आहे, आणि मागून माणसं येत असल्याने मध्येच परत फिरणं कठीण. कॅथीड्रलशेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत, पण मध्ये मजल्यांवर थांबता येतं. तेही डॉक्टरांना विचारूनच. नाहीतर त्या वेळात कॅथीड्रलच्या संग्रहालयात घुमटाचा लाकडी नमुना पाहावा. बाकीच्यांनी आधी रामटेकच्या पायऱ्या दोनदा न थांबता चढून पाहाव्यात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिथे मुलीचं जेवणाचं काय?
– एक गृहिणी, नागपूर

उत्तर : उपाशी राहणार नाही. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ हे टोमॅटो आणि शिळ्या पावाचं घट्ट सूप शोधावं. मांसाचं पाणी घातलंय का, ते मात्र विचारावं. पार्मेसान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसाने, विरजतात, ते पास्त्यावर न विचारता भुरभुरलं जातं. ऑर्डर देतानाच ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगावं. टेबलावर बसलं की माणशी वेगळा आकार लागू शकतो, म्हणून दुपारी दुकानातून पाव आणि फळं घेतलेली बरी.