खिम्याचं यंत्र आणि महिना पाचशेची पॉलिसी

विस्कॉन्सिनमधले एक वाचक लिहितात: दर नोव्हेंबरात शिकारीत दोन हरणं मिळतात. कापून खिमा करून द्यायला प्रोसेसर (हे काम करणारा खाटीक) हरणामागे १३० डॉलर घेतो. मोठं यंत्र, व्हॅक्यूम सीलर, फ्रीझर मिळून ९०० डॉलर होतील. जास्तीचं मांस ओळखीत विकून ते वसूल करीन. सहा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी महिना ५०० डॉलरची आययूएल पॉलिसी (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) आहे, तिच्यावर कर्ज मिळतं. पॉलिसीच्या हप्त्यासाठी ४०१-के, म्हणजे पगारातून कापलं जाणारं निवृत्तीचं खातं, तीन वर्षं बंद ठेवलंय. पगार एक लाख, कंपनी ४ टक्क्यांपर्यंत आपली तेवढीच भर घालते. पॉलिसी आज मोडली तर ६,५०० मिळतील. यंत्र घेऊ का?

मांस विकायचं डोक्यातून काढा. शिकारीतल्या हरणाचं मांस विकणं तिथे बेकायदा आहे. राहिली बचत: वर्षाला २६०, त्यातून पिशव्या आणि खिम्यात घालायची डुकराची चरबी यांचे ६० वजा. ९०० वसूल व्हायला साडेचार वर्षं. एकच हरीण मिळालं तर नऊ.

दीडशे डॉलरचं लहान यंत्र घ्या. हरणामागे पन्नासेक पौंड मांस निघतं. पांढरे पापुद्रे आणि हरणाची मेणचट चरबी काढलीत, मांस अर्धवट गोठवून घेतलंत, तर दोन संध्याकाळींत काम उरकतं. घरी केल्याने आपल्याच हरणाचं मांस आपल्याला मिळतं, हे मला पैशांपेक्षा मोलाचं वाटतं. सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची चाचणी राज्य मोफत करतं. अहवाल येईपर्यंत दोन हरणांचं मांस एकत्र करू नका.

आता न विचारलेलं. कंपनी वर्षाला ४,००० डॉलर देत होती, तुम्ही तीन वर्षांत १२,००० सोडलेत. प्रोसेसरला तेवढे द्यायला सेहेचाळीस वर्षं लागली असती! पॉलिसीत १८,००० घातलेत, हातात येणार ६,५००. या पॉलिसीत वाढीला वरून मर्यादा असते, शेअरचा लाभांश मिळत नाही, विम्याचा खर्च वयाबरोबर चढतो. लहान मुलीचं शिक्षण पुढे करून आईवडिलांच्या गळ्यात हे मारलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. आणखी दहा वर्षं भरून 'वसूल होईल' ही आशा सोडा. कर्ज तर काढूच नका.

क्रम मात्र चुकवू नका. आधी वीस वर्षांचा टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, फक्त मुदतीचा विमा) घ्या, तो सुरू झाल्यावरच पॉलिसी मोडा. भरल्यापेक्षा कमी मिळतंय, त्यामुळे कर लागणार नाही. ४०१-के या महिन्यातच ४ टक्क्यांनी सुरू करा. महिना ३३३ कापले जातील, पण करापूर्वी, म्हणून हातातला पगार अंदाजे २६० ने घटेल. दोन-तीन महिने ओढाताण होईल, ती सोसा. मग सुटलेल्या ५०० मधून टर्मचा हप्ता भागवून उरेल ते मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या खात्यात टाका. तुमच्या राज्याची एडवेस्ट नावाची ५२९ योजना आहे, राज्याच्या करात वजावटही मिळते.

बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. टर्मची वैद्यकीय तपासणी त्याआधी करून घ्या.