‘अंदाजे ६० दिवस’ लिहिले होते. आता ग्राहकाची नोटीस आली आहे

चिपळूणजवळ सागवानी फर्निचरचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकांनी कोटेशन, व्हॉट्सअॅपवरील संभाषण आणि ग्राहकाच्या वकिलांची नोटीस पाठवून सल्ला मागितला आहे. पुण्यातील एका कुटुंबाने २८ मार्च रोजी पलंग, कपाट आणि सहा जणांचे जेवणाचे टेबल अशी चार लाख रुपयांची ऑर्डर देऊन दोन लाख रुपये आगाऊ दिले. कोटेशनच्या तळाशी पेनाने ‘काम पूर्ण होण्यास अंदाजे ६० दिवस’ असे लिहिले होते. २२ एप्रिलला ग्राहकाने टेबल आठ जणांचे करायला सांगितले आणि नव्या मापांना ६ मे रोजी मान्यता दिली. ५ जूनची वास्तुशांती फर्निचरविना झाली. एक लाखाचा दुसरा हप्ता लाकूड आल्यावर द्यायचा होता, तो १८ जूनला मिळाला. आता ४ ऑगस्टच्या नोटिशीने तीन लाख रुपये १८ टक्के व्याजासह, भाड्याने घेतलेल्या फर्निचरचे २४ हजार आणि मनस्तापापोटी एक लाख रुपये १५ दिवसांत मागितले आहेत. पलंग आणि कपाट जोडून तयार असून पॉलिश बाकी आहे, तर टेबलाच्या फळ्या अजून सुकत आहेत. ‘अंदाजे’ हा शब्द आपल्याला वाचवील का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, ‘अंदाजे’ या शब्दाने आपल्याला थोडी सवड मिळते, पण मोकळीक मिळत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४६ नुसार मुदत ठरलेली नसेल तर काम वाजवी मुदतीत करावे लागते, आणि वाजवी मुदत किती हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरते. आपल्या कोटेशनवर तर आकडा आहे, त्यामुळे वाजवी काय याचे मोजमाप आपणच ग्राहकाच्या हातात दिलेले आहे. ६० दिवस २७ मे रोजी भरले. माल सत्तराव्या किंवा पंचाहत्तराव्या दिवशी पोहोचला असता, तर ‘अंदाजे’ या शब्दाने आपली बाजू राखली असती असे मला वाटते. नोटिशीच्या तारखेला १२९ दिवस झाले होते, आणि एवढे अंतर त्या एका शब्दात मावत नाही.

मात्र उशीर झाला म्हणजे करार आपोआप रद्द झाला, असेही नाही. कलम ५५ दोन परिस्थितींत फरक करते. वेळ हा कराराचा गाभा असेल तर मुदत चुकताच ग्राहक करार रद्द करू शकतो. तसे नसेल तर करार कायम राहतो आणि ग्राहकाला उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निकालात स्पष्ट केले आहे की, करारात केवळ तारीख नमूद असल्याने वेळ गाभ्याची ठरत नाही, तर संपूर्ण करारातून उभय पक्षांचा हेतू पाहावा लागतो. आपल्या कोटेशनवर वास्तुशांतीचा उल्लेख नाही, हे आपल्या बाजूचे आहे. ‘वास्तुशांतीच्या आधी पलंग तरी द्या’ हा ग्राहकाचा २० मेचा संदेश मात्र आहे आणि त्यावर आपले उत्तर ‘प्रयत्न करतो’ एवढेच आहे. त्याने मूळ करार बदलत नाही, परंतु ती तारीख आपल्याला ठाऊक होती हे सिद्ध होते.

आता लाकडाकडे येतो, कारण या प्रकरणाचा खरा निकाल तिथेच लागणार आहे. १० एप्रिलला वखारीतून फळ्या आल्या तेव्हा आपण मॉइश्चर मीटर लावला आणि आकडा १९ आला. त्या मीटरचा फोटो, खाली ‘ओलं आहे, हात लावू नको’ एवढ्या शब्दांसह, आपण पुतण्याला पाठवलात. सुतार म्हणून आपला हा निर्णय अगदी योग्य होता. १९ टक्के ओलावा असलेल्या सागाचे टेबल कोकणात जोडून पुण्याच्या कोरड्या घरात नेले, तर पहिल्या उन्हाळ्यात फळी आडवी आकसते, सांधे उघडतात, क्वचित पाटच उलतो. लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा सांगणाऱ्या आयएस २८७ या भारतीय मानकात हवामानानुसार देशाचे विभाग पाडले आहेत ते याचसाठी, कारण फर्निचर ज्या हवेत राहणार त्या हवेला मानवेल इतके लाकूड आधी सुकलेले असावे लागते. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्येही हाच विचार आहे: ग्राहकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कसबावर भरवसा ठेवला असेल, तर वस्तू त्या हेतूला योग्य असली पाहिजे. ओल्या लाकडाचे टेबल आपण ६० व्या दिवशी दिले असते, तर आज उशिराऐवजी सदोष मालाची नोटीस आली असती आणि तिला उत्तर देणे याहून अवघड गेले असते. म्हणून काम थांबवल्याबद्दल आपण अपराधी वाटून घेऊ नये.

आपली चूक वेगळीच आहे आणि ती मला स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मीटरवरचा आकडा पुतण्याला १० एप्रिलला कळला; ज्यांनी पैसे दिले होते त्यांना २४ मे रोजी, म्हणजे ४४ दिवसांनी आणि मुदत संपायला तीन दिवस उरले असताना कळला. या ४४ दिवसांत त्यांनी तीन वेळा ‘काम कुठवर आले’ असे विचारले आणि तिन्ही वेळा आपण ‘चालू आहे’ असे लिहिलेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) मधील सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत, ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे हे शब्दशः समाविष्ट आहे. वाईट बातमी सांगायला जीभ रेटली नाही, असे आपण मला लिहिले आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण ग्राहक आयोगासमोर तीन वेळा लिहिलेले ‘चालू आहे’ वाचले जाईल. एप्रिलमध्येच खरे सांगितले असते, तर ग्राहकाने भट्टीत सुकवलेल्या लाकडाचा जादा खर्च मान्य केला असता, वास्तुशांतीपुरता पलंग कुठून तरी आणला असता किंवा ऑर्डरच मागे घेतली असती. निवड करण्याची ही संधी त्यांच्याकडून गेली. माझ्या मते त्यांची सर्वांत खरी तक्रार हीच आहे, जरी त्यांच्या नोटिशीत ती नीट मांडलेली नसली तरी.

तो फोटो आणि ते संदेश कृपया काढून टाकू नयेत. आपण कसब जाणता आणि ओले लाकूड वापरत नाही याचा तोच सर्वांत चांगला पुरावा आहे, शिवाय संभाषणाची दुसरी प्रत ग्राहकाकडे आहेच. मूळ फोन जपून ठेवावा. पुढे गरज पडल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह तो पुरावा दाखल करता येईल.

टेबलाच्या बदलाबाबत आपण नवे काम म्हणून नवे ६० दिवस मागत आहात. टेबलापुरते ते काही अंशी पटण्यासारखे आहे, कारण माप ठरण्यातच १४ दिवस गेले आणि दीड इंच जाडीच्या जादा फळ्या लागल्या. पण पलंग आणि कपाट यांचा त्या बदलाशी संबंध नाही, म्हणून तिन्ही वस्तूंचा हिशेब एकत्र करू नये. दुसऱ्या हप्त्याबाबतही तसेच. पैसे नव्हते म्हणून काम थांबले असे खरोखर घडले असेल, तरच तो मुद्दा घ्यावा. आपल्या संदेशांवरून तसे दिसत नाही, आणि एक लटका मुद्दा शेजारच्या खऱ्या मुद्द्यांनाही दुबळे करतो.

त्या हप्त्याचे महत्त्व दुसरीकडे आहे. मुदत २७ मे रोजी उलटून गेल्यावर आणि वास्तुशांतीही होऊन गेल्यावर ग्राहकाने १८ जूनला एक लाख रुपये दिले. करार अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मुदत वाढवून देण्याचा अधिकार ग्राहकाला असतो, आणि हे वर्तन मुदतवाढीचेच आहे असे आपल्याला सांगता येईल. अशी सवलत दिल्यानंतर ग्राहकाला करार संपवायचा असेल, तर त्याने आधी नवी, वाजवी आणि अंतिम तारीख द्यावी लागते. चार्ल्स रिकर्ड्स विरुद्ध ओपनहाइम हा १९५० चा इंग्लंडमधील निकाल आपल्या धंद्याशी फार जवळचा आहे. तिथे रोल्स रॉइसच्या सांगाड्यावर खास बॉडी बांधून घ्यायची होती. मुदत टळल्यावरही ग्राहक तगादा लावत थांबला, शेवटी त्याने सुमारे चार आठवड्यांची अखेरची मुदत दिली आणि ती चुकल्यावर गाडी नाकारली. न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले. इंग्लंडचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नसला तरी त्यातील तर्क मार्गदर्शक आहे. आपल्या ग्राहकाने अशी मुदत न देता थेट रक्कम मागितली, हा नोटिशीतील दोष आहे. पण या दोषावर विसंबून आपण आणखी दोन महिने काढले, तर पुढची नोटीस निर्दोष येईल.

रकमांविषयी थोडेच सांगतो. ‘आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ ही आपल्या कोटेशनवरील छापील ओळ फारशी उपयोगी नाही, कारण कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालानुसार करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली भरपाई मिळण्यासाठी मुळात नुकसान झालेले असावे लागते. १८ टक्के व्याज करारात ठरलेले नाही, तेव्हा दर आयोग ठरवील. मनस्तापापोटी आयोग भरपाई देऊ शकतो, मात्र मागितलेली पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही. भाड्याचे २४ हजार हे मला या नोटिशीतील सर्वांत रास्त मागणे वाटते, कारण आपल्या उशिराचा तो सरळ परिणाम आहे.

आपण नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे आणि ते स्पीड पोस्टने पाठवावे. त्यात १० एप्रिलच्या मोजणीपासूनचा घटनाक्रम प्रामाणिकपणे मांडावा, वेळेवर न कळवल्याची चूक मान्य करावी आणि आपल्या हक्कांना बाधा न येता तडजोडीचा प्रस्ताव द्यावा: पलंग आणि कपाट पावसाळी हवेत पॉलिश पांढरट पडण्याचा धोका धरून ठरवलेल्या पक्क्या तारखेला, टेबल मीटरवर १२ किंवा त्याहून कमी आकडा आल्यानंतर, पण कोणत्याही स्थितीत ३१ ऑक्टोबरपर्यंत, दर आठवड्याला मीटरचा फोटो, आणि भाड्याचे पैसे शेवटच्या हप्त्यातून वजा. ‘इंचाला वर्ष’, म्हणजे एक इंच जाडीच्या फळीला सुकायला एक वर्ष, या जुन्या हिशेबाने उघड्यावर सुकवत बसलात, तर ऑक्टोबर गाठता येणार नाही, म्हणून फळ्या भट्टीत पाठवाव्यात आणि तो खर्च आपणच सोसावा. ग्राहकाला माल नकोच असेल, तर पलंग आणि कपाट दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता येतील असे आहेत, त्यामुळे रक्कम हप्त्यांनी परत करण्याचा पर्यायही त्याच पत्रात ठेवावा.

तडजोड झाली नाही तर ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात तक्रार करू शकतो. तो अधिकार २०१९ च्या कायद्याने त्याला दिला आहे. तक्रारीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत आपले लेखी म्हणणे गेले पाहिजे. त्यापुढे आयोग फार तर १५ दिवस देऊ शकतो, म्हणून तो कागद टपाल समजून बाजूला ठेवू नये.

यापुढच्या कोटेशनवर दिवस मोजायला सुरुवात कधी होईल हे लिहावे: आगाऊ रक्कम मिळाल्यावर, सही केलेले रेखाचित्र हाती आल्यावर आणि लाकूड ठरलेल्या ओलाव्याला उतरल्यावर. शेवटच्या अटीला अखेरची तारीख जरूर जोडावी, नाहीतर ती एकतर्फी अट ठरेल. लाकूड सुकवणे, कापणे आणि मुरू देणे, कुसू-खाचांची जोडणी, पॉलिश व वाहतूक यांचे दिवस वेगवेगळे लिहावेत आणि मापात बदल झाल्यास किती दिवस वाढतील हे बदलाच्या दिवशीच कळवावे. उत्तराचा मसुदा करताना मीटरच्या सर्व नोंदी तारखांसह एका कागदावर उतरवून आपल्या स्थानिक वकिलांकडे द्याव्यात. नोटीस ६ ऑगस्टला हाती आली असल्याने पत्र २१ ऑगस्टपूर्वी निघायला हवे.