टर्बोचा नट फिरला की स्टडचा ताण गेला, ते आधी पाहा

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ५५ एचपीचा टर्बोवाला ट्रॅक्टर, काम रोटाव्हेटर आणि थ्रेशरचं. टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आणि मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा बिडाचा पाइप) यांच्यामधले चार एम१० (१० मिमी आट्याचे) नट एका हंगामात तीनदा ढिले झाले. मिस्त्री दरवेळी स्प्रिंग वॉशर आणि लाल लॉकटाइट (आटे चिकटवायचा गोंद) लावून देतो, आणि आता नटाला वेल्डिंगचा टाका मारू म्हणतो. टाका मारू देऊ नका. बिडाला (ओतीव लोखंडाला) तडा जाईल, पुढच्या वेळी टर्बो निघणार नाही आणि मूळ दुखणं तसंच राहील.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा. नट कसून झाले की प्रत्येक नटाच्या कडेवरून फ्लँजवर (नट बसतो त्या सपाट तोंडावर) छिन्नीने बारीक सरळ रेघ पाडा. रंगाची खूण जळून जाते. पुन्हा ढिला सापडला की रेघ पाहा. सरकली असेल तर नट थरथरीने फिरला. रेघ जागेवर आहे आणि तरी पाना लावताच नट सैल लागतो, म्हणजे नट फिरलाच नाही, स्टडचा (नट ज्यावर चढतो त्या बिनडोक्याच्या बोल्टचा) ताण गेला. टर्बोच्या गरम बाजूला बहुतेक वेळा हे दुसरंच निघतं. लॉकटाइट त्याला काय करणार? साधं लाल लॉकटाइट १५० अंशांपर्यंत टिकतं, जास्त उष्णतेचं २३० च्या आसपास. पूर्ण लोडवर डिझेलचा धूर टर्बोत शिरतो तोच ६०० ते ७०० अंशांचा. नायलॉक नटातलं (आत नायलॉनची कडी असलेल्या नटातलं) नायलॉन तर १२० लाच संपतं. स्प्रिंग वॉशर तापून मऊ होतो, चपटा पडतो आणि नटाखाली उलट ढिलाईच ठेवून जातो.

ताण जातो कसा, त्याचा हिशेब पाहा. एम१० चा स्टड ५० न्यूटन-मीटरने कसला की साधारण अडीच टनांचा ताण येतो. कसलेली जाडी (नटाखाली दाबली जाणारी फ्लँजची जाडी) १२ मिमी असेल तर तेवढ्या ताणाने स्टड लांबतो फक्त ०.०२५ मिमी. तुमची सगळी पकड एवढ्याच लांबण्यात असते. नवीन गॅस्केट (दोन फ्लँजमधलं पॅकिंग) तापून ०.०२ मिमी बसलं की पकड गेलीच. म्हणून रेसच्या गाड्यांत लांब स्टड घालून नटाखाली जाड नळी घालतात. तेच इथे करा: लेथवर पोलादाचे २५ ते ३० मिमी लांबीचे, जाड भिंतीचे, दोन्ही तोंडं समांतर असलेले बुश करून घ्या आणि स्टड तेवढाच लांब घ्या. कसलेली लांबी ४० मिमी झाली की लांबणं ०.०८ मिमीच्या वर जातं, आणि तेच ०.०२ मिमी बसणं मग फक्त पाव ताण खातं. जागा असेल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय हाच.

चकचकीत स्टेनलेस ३०४ चे बोल्ट मात्र घालू नका. बिडापेक्षा ते जास्त फुगतात. १२ मिमी जाडीत ५०० अंशांचा फरक पडला की बोल्ट फ्लँजपेक्षा ०.०३ मिमीहून जास्त वाढतो, म्हणजे गरम असताना पकड शून्य. वरून आटेही जाम होतात. झिंक चढवलेला ८.८ चा बोल्ट ३०० अंशांच्या पुढे ताण धरत नाही. कंपनीचा मूळ स्टड घ्या, नाहीतर वाफेच्या पाइपलाइनच्या फ्लँजला लागतो तो बी७ जातीचा. रेसवाले ए२८६ किंवा इनकोनेल अशा उष्णता सोसणाऱ्या महागड्या मिश्रधातूंचे स्टड वापरतात, कारण पेट्रोल टर्बोत धूर ९०० च्या पुढे जातो. ट्रॅक्टरला तो खर्च नको.

आता सायलेन्सर. उभ्या सायलेन्सरची पट्टी तुटली असेल, किंवा कोणी हौसेने लांब भोंगा लावला असेल, तर प्रत्येक धुऱ्यावर चाक चढलं की सगळा झटका त्या चार स्टडवर येतो. पट्टी इंजिनलाच बांधा, चेसिसला किंवा बॉनेटला नाही. दोन्ही वेगळे हलले की पट्टी पुन्हा तुटते. पट्टीचे बोल्ट सगळ्यात शेवटी कसा, पाइप ओढून जागेवर आणू नका.

उघडल्यावर दोन्ही फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून ०.१० मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पत्ती) घालून पाहा. शिरला तर तोंड मशीनवर घासून घ्या, कानशीने बिघडतं. नवीन नट हाताने स्टडवर फिरवा. मध्येच अडकला तर तिथे स्टड ओढला गेलाय, चारही बदला. आटे टॅपने साफ करा, स्टड बिडात निदान १५ मिमी जाऊ द्या. गॅस्केट पोलादी थरांचं आणि नवंच घ्या. त्यावर सिलिकॉन लावू नका. ते जळतं आणि तेवढी जाडी कमी होते.

कसताना आडवे-तिरपे, तीन टप्प्यांत: २०, ३५, ५० न्यूटन-मीटर. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा, आणि आट्याला अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावलं तर २० टक्के कमी. मग तासभर लोडवर चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा कसा. ५ ते १० तासांच्या कामानंतर आणखी एकदा. त्यानंतरही ताण उतरतोय तर फ्लँज वाकडी आहे किंवा स्टड लांबतोय. कसत बसू नका, उघडा.

रेघच सरकत असेल तर कान वळवायची पत्र्याची लॉक प्लेट लावा किंवा नटाऐवजी बोल्ट असतील तर बोल्टच्या डोक्याला भोक पाडून ०.८ मिमीची स्टेनलेस तार कसायच्या दिशेने ओढून बांधा. पण प्लेट नट पडू देत नाही इतकंच. पकड तिने येत नाही.

मे महिन्यातल्या उन्हाला दोष देऊ नका. साडेसहाशे अंशांपुढे ४५ काय अन् ३० काय. पूर्ण लोडवरून एकदम चावी बंद करण्याने जास्त नुकसान होतं. दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवा, बेअरिंगमधलं ऑइलही जळत नाही.

हे लांबणीवर टाकू नका. थ्रेशरवर बॉनेटखाली सोयाबीनचं कुटार साचतं, आणि गॅस्केटमधून निघणारी फुंकर थेट त्यावर बसली की पेट घ्यायला वेळ लागत नाही. सांध्यावर काळी काजळीची रेघ दिसली, चढावर फुसफुस ऐकू आली, धूर काळा झाला, की त्याच दिवशी ट्रॅक्टर थांबवा. ऑइल रिटर्नच्या (टर्बोतलं ऑइल इंजिनात परत नेणाऱ्या नळीच्या) खालच्या फ्लँजचे दोन छोटे बोल्ट तेवढे वेगळे. ते थंड बाजूला आहेत, तिथे निळं लॉकटाइट खुशाल लावा.